उजवीकडची भिंत

बारा वर्षं मी त्या नाट्यगृहात पाऊल टाकलं नाही. घरच्यांचा समज असा, की ह्यांना नाटकाची आवड नाही. मेहुणा तिकिटं काढून आणायचा, मी ऐनवेळी काहीतरी काम काढायचो. त्या इमारतीच्या मागच्या भागातली वीट न् वीट मला माहीत होती, हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. मुळात मी कुणाला फारसं काही सांगतच नाही. हेही आता पहिल्यांदाच सांगतोय.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. नाशिकात ते मोठं नाट्यगृह बांधायला घेतलं तेव्हा मी डिप्लोमा करून ठेकेदाराकडे सुपरवायझर म्हणून लागलो होतो. नोकरी हंगामी. वडील ओझरच्या कारखान्यात फिटर; त्यांनी कॉलनीतल्या सगळ्यांना सांगून ठेवलेलं, ‘पोरगा साहेब झाला.’ हे काम वेळेत पुरं झालं तर कायम करू, असं मोठ्या इंजिनियर साहेबांनी मला सांगितलं होतं.

माझ्याकडे रंगमंचाच्या मागचा भाग होता. मधोमध नेपथ्याचं गोदाम. त्याच्या डावीकडे पुरुषांची रंगपटाची खोली, उजवीकडे बायकांची. गोदामात लाकडी चौकटी, रंगवलेले पडदे, काथ्या, फोम, म्हणजे पेटायला जे जे लागतं ते सगळं. शेजारच्या खोल्यांत माणसं बसणार, आणि त्यांना बाहेर पडायला एकेकच बोळ. म्हणून गोदामाच्या दोन्ही बाजूंच्या भिंती दुहेरी करायच्या होत्या. एक नऊ इंची, तिला लागून पण तिला न शिवता दुसरी साडेचार इंची, आणि मधल्या चार बोटांच्या फटीत दगडाची लोकर. दगड वितळवून काढलेली ही लोकर जळत नाही आणि आवाजही गिळते. मजूर तिला कापूस म्हणत. दिसायला मऊ, पण हाताला लागली की दिवसभर खाज.

पुण्याहून आवाजाचे सल्लागार यायचे. उतारवयाचे, हळू बोलणारे. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, “हा कापूस भिजला की खाली बसतो. खाली बसला की वरची फट रिकामी. मग आवाज तर जाईलच, पण आगीला धुराडं मिळेल. तेव्हा पातळ भिंतीवर पाइपने पाणी मारायचं नाही. बाहेरून ओलं गोणपाट टांगा, बस्स.” मी डायरीत लिहून घेतलं. खाली रेघसुद्धा मारली.

पण आमच्या धंद्यात भिंतीला पाणी मारणं म्हणजे सकाळी देवाला हात जोडण्यासारखं. मोठे साहेब साइटवर आले की कुणाशी बोलायच्या आधी भिंतीला तळवा लावायचे. तळवा कोरडा निघाला की सगळ्यांसमोर, “काय राव, झोपले होतात का? सिमेंट तहानलंय आणि सुपरवायझर चहा पितोय!” मजूर हसायचे. मला ते हसणं सहन व्हायचं नाही. सोळा फूट उंच भिंतीवर गोणपाट टांगायचं, ते दिवसातून पाच-सहादा भिजवायचं, त्याला माणसं लागतात. पाइपला एक माणूस पुरतो.

त्या भिंती बांधणारा मिस्त्री पेठ तालुक्यातला, डोंगरातला. पन्नाशीचा. बायको त्याच्याबरोबर कामाला. माल कालवणं, विटा देणं, आणि फटीत कापूस बसवणं तिच्याकडेच. कोपरापर्यंत जुने मोजे चढवून ती ते करायची, तरी हात लाल व्हायचे. आपसात ते त्यांच्या डोंगरातल्या बोलीत बोलत. मला अर्धंमुर्धं कळायचं. ती मला हसते आहे एवढं मात्र कळायचं.

डावीकडची भिंत पुऱ्या उंचीला आली त्या दिवशी मी म्हणालो, “मिस्त्री, उद्या साहेब येणार. पाइप लावा.”

तो परांचीवरून खाली बघत म्हणाला, “सायब, आत कापूस हाय. पानी वरनं आत जाईल. तुमीच सांगितलं व्हतं ना, पाइप नको?”

“थोडं मारा. एवढ्याने काही होत नाही.”

“थोडं कसं मारायचं? पान्याला काय सांगनार, हितंच थांब म्हनून?”

बायको खालून काहीतरी बोलली आणि दोघं हसली. मी परांची चढलो, पाइप स्वतःच्या हातात घेतला आणि भिंतीच्या डोक्यावर सोडला. आठ दिवस सकाळ-संध्याकाळ मारला. साहेबांचा तळवा ओला निघाला. ते काही बोलले नाहीत, म्हणजे शाबासकीच. उजवीकडची भिंत झाली तेव्हा मी पुढच्या बाजूला छताच्या कामात अडकलो होतो. मिस्त्रीला म्हणालो, “तिकडे मारलं तसंच इकडेही मारा.” रोज संध्याकाळी विचारायचो, “पाणी मारलं?” तो म्हणायचा, “भिंत ओली हाय सायब.” जाता जाता हात लावून बघायचो. ओली असायची.

उद्घाटनाला तीन आठवडे राहिले असताना सल्लागार तपासणीला आले. त्यांच्याकडे आवाज मोजायचं यंत्र आणि मोठा स्पीकर होता, पण वीज गेली. जनरेटर लावला तर त्याचाच आवाज. शेवटी शेजारच्या मंडळातून ढोल मागवला. गणपतीत वाजवणारा एक प्लंबर आमच्यातच होता. त्याला गोदामात उभं केलं. सल्लागार यंत्र घेऊन डावीकडच्या खोलीत बसले. दार लावलं. पलीकडे ढोल सुरू झाला.

खाली बसलं की जवळजवळ काही नाही. सल्लागार शिडीवर चढले, आणि वर छताच्या उंचीला ढोल जणू खोलीतच वाजत होता. ते शिडीवरच थांबले. मग म्हणाले, “इथे उघडा.”

छन्नी लावली. वीट निघाली. मागे पोकळी. बॅटरी टाकून बघितलं, तर कापूस पार खाली, काळपट लगदा होऊन बसलेला. कुबट वास आला.

मोठ्या साहेबांनी आमच्याकडे वळून विचारलं, “पाणी कुणी सोडलं?”

मिस्त्री आणि त्याची बायको दाराशी उभी होती. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. “मी सांगितलं होतं पाइप लावू नका. डायरीत लिहिलंय, साहेब. ह्या लोकांना किती सांगा.” डायरी उघडून मी रेघ मारलेलं वाक्य दाखवलं. पान पहिल्याच झटक्यात सापडलं. ते मला अजून आठवतं.

मिस्त्री म्हणाला, “असं.” एवढंच. त्याची बायको पुढे झाली, त्याने तिचा दंड धरला.

“आणि पलीकडची?” साहेबांनी विचारलं.

आता खरं सांगितलं तर दोन्ही भिंती फुटणार. दोन्ही फुटल्या तर उद्घाटन पुढे जाणार. आणि मग कुणीतरी नीट चौकशी करणार. मी म्हणालो, “ती मी स्वतः उभं राहून करून घेतलीय. गोणपाट लावून.”

बायकांच्या खोलीला अजून दार बसलं नव्हतं, दाराशिवाय मोजण्यात अर्थ नाही. सल्लागार म्हणाले, दार बसल्यावर येतो. ते पुन्हा आले नाहीत. डावीकडची पातळ भिंत पाडून नवी घातली, दुसऱ्या मिस्त्रीकडून. पेठच्या जोडप्याला त्याच दुपारी काढलं. सामान गोळा करून तो माझ्याकडे आला. “सायब, त्या दुसऱ्या भिंतीचं—”

“मिस्त्री, आता काही बोलू नका. जा तुम्ही,” मी म्हणालो. मला वाटलं तो मला पकडणार. मोठे साहेब त्यानंतर प्रत्येक साइटवर सांगायचे, ‘तो पेठवाला आला तर ठेवू नका, भिंती बुडवतो.’ मीही मान हलवायचो. महिनाभरात मला कायम केलं.

उद्घाटन झालं. मी मागे उभा होतो. बायकांच्या खोलीत पंधरा-वीस जणी नटत होत्या, हसत होत्या. माझं लक्ष भिंतीच्या वरच्या अर्ध्या भागाकडे. गिलावा गुळगुळीत, रंग पांढरा. त्यामागे फक्त पोकळी आहे, हे त्या गर्दीत मला एकट्याला माहीत होतं. त्यानंतर मी तिकडे गेलो नाही. पेपरात कुठे नाट्यगृहाला, मंडपाला आग लागल्याची बातमी आली की आधी गावाचं नाव बघायचो. नाशिक नसलं की पुढची बातमी. असं बारा वर्षं.

मग मुलीच्या शाळेचं स्नेहसंमेलन तिथेच ठरलं. ती चौथीत. कोळीनृत्यात होती, दोन महिने घरात तेच गाणं. मी काय म्हणून नाही म्हणणार होतो? दुपारचा कार्यक्रम. मी सातव्या रांगेत बसलो. बायको म्हणाली, “काय चुळबुळ चाललीय? नीट बसा ना, आपलीच येणारे आता.”

दुसरा नाच चालू असताना मला जळकट वास आला. आधी वाटलं, मलाच येतोय. मग पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी पदर नाकाला लावला. मी उठलो. पाय तुडवत, माफी मागत बाहेर पडलो आणि मागच्या बोळात धावलो. पहारेकऱ्याने अडवलं, “ओ, बायकांकडे कुठं?” गोदामाच्या दाराखालून धूर येत होता. मी त्याला ढकललं आणि उजवीकडच्या खोलीचं दार उघडलं. आत चाळीस तरी मुली. टिकल्या, गजरे, कुणाच्या ओठांना लिपस्टिक लावणं चाललेलं.

“बाहेर! सगळ्या बाहेर! काही घेऊ नका!”

मुली किंचाळल्या. एक शिक्षिका माझ्या अंगावर आली, “अहो, हे काय? कोण तुम्ही?” मी भिंतीकडे बोट दाखवून ओरडत होतो, “ती भिंत आग अडवणार नाही, ती भिंत आग अडवणार नाही!” माझी मुलगी समोर होती. तिला मी दंडाला धरून ओढलं, बांगड्या फुटल्या. दोघी-तिघी बोळात पडल्या.

तोवर गोदामात रंगमंचाच्या माणसाने वाळूची बादली ओतली होती. पडद्याला टेकलेला एक दिवा, हातभर कापड काळं झालेलं. तो माणूस खोकत बाहेर आला आणि म्हणाला, “एवढ्यासाठी पोरी पळवल्या? दिवाळीत काय करता तुम्ही?” सगळे हसले. शिक्षिका हसल्या नाहीत. मुलींचा मेकअप रडून ओघळला होता. तो नाच झाला नाही. रिक्षात मुलगी बाहेर तोंड करून बसली. “बाबा, तुमच्यामुळे गेला माझा नाच.”

संध्याकाळी बायको म्हणाली, “भिंत आग अडवणार नाही, हे तुम्हाला कसं माहीत?”

मी सांगितलं. पाइप, डायरी, मिस्त्री, सगळं. ती ऐकत गहू निवडत होती. हात थांबले. “आणि हे माहीत असून तुम्ही तिला तिथं पाठवलंत?”

मला वाटलं होतं ती मिस्त्रीबद्दल विचारेल. पण तिचा प्रश्न बरोबर होता. ती ताट उचलून आत गेली.

सोमवारी नाट्यगृह बंद असतं. मी व्यवस्थापकांसमोर जाऊन बसलो. त्यांना आधी वाटलं परवाच्या गोंधळाची माफी मागायला आलोय. मी म्हणालो, “उजवीकडची भिंत वरून पोकळ आहे. मी केलीय. उघडून बघा, आणि तोवर तिथं कुणाला बसवू नका.” मग त्यांनी शिडी आणवली, सुतार बोलावला. मी म्हणालो, मीच उघडतो.

छताला लागून एक वीट ठोकून ढिली केली. वीट निघाली, मी फटीत हात घातला. हात आत गेलाच नाही. बोटं कशाततरी रुतली. मूठभर ओढून बाहेर काढलं. पिवळट, कोरडी, जशी गठ्ठ्यातून यायची तशी लोकर. मी पलीकडे शिडी सरकवली, दुसरी वीट काढली. मग तिसरी. तिन्ही ठिकाणी छतापर्यंत भरलेली.

व्यवस्थापक खालून म्हणाले, “मग अडचण काय आहे?”

मी मुठीतली लोकर पुन्हा चाचपली. आठवलं एवढंच की ह्या भिंतीवर मी पाइप कधी पाहिला नव्हता. रोज ओली लागायची ती भिंत, आणि मी पाइपनेच ओली झाली असं धरून चाललो होतो.

पेठला जाऊन त्यांना शोधायला दोन रविवार गेले. घाट चढून, विचारत विचारत, रस्त्यापासून आत एका पाड्यावर. म्हातारा झाला होता तो. अंगणात बायको नागली पाखडत होती. त्याने मला ओळखायला वेळ लावला. तिने नाही लावला.

मी उभ्यानेच सांगितलं, की ती भिंत उघडली, चांगली निघाली. विचारलं, तुम्ही पाइप का नाही लावला?

मिस्त्री बायकोकडे बघून हसला. “ही ऐकंना. म्हनली, कापूस भिजला तर परत मलाच काढायला लावतील. हिच्या हातांना फोड आलेले. मग गोनपाट टांगलं. हीच भिजवायची, दुपारच्या सुट्टीतबी, आन् संध्याकाळी तुमी यायच्या आत काढून ठेवायची.” थांबून म्हणाला, “सांगायला आल्तो तुमाला. जाऊ द्या.”

ती सूप खाली ठेवून म्हणाली, “भिंत चांगली व्हती ना? मग आमाला का काढलं?”

“माझ्यामुळे. पाणी मी मारलं होतं. नाव तुमचं सांगितलं.”

“ते आमाला काय सांगतोस? आमाला ठाव हाय.” ती माझ्याशी पहिल्यांदाच एकेरीत बोलली होती. “आमी तिथंच उभं व्हतो. त्यानंतर नाशकात ह्याला कुनी थापी धरू दिली नाय. निफाडला द्राक्षांत मजुरी केली, लोखंडी अँगल उचलले ह्याने, मिस्त्री असून. त्या सायबाला सांग. जो ऐकून बसला त्याला सांग.”

मोठे साहेब निवृत्त होऊन गंगापूर रोडला राहत होते. व्हरांड्यात बसून मी सगळं सांगितलं. चहा आला, त्यावर साय धरली.

“मला शंका होती,” ते शेवटी म्हणाले. “भिंत कोरडी निघाली की तुझा चेहरा कसा व्हायचा, मला दिसायचं ना. मिस्त्री जुना माणूस, तो कशाला पाइप सोडेल? पण उद्घाटन डोक्यावर होतं. पाहुणे ठरलेले. कुणाला तरी काढायचं होतं, तू नाव दिलंस.” मग जरा चिडून, “आता हे उकरून काय मिळणार आहे तुला?”

मी म्हणालो, “साहेब, मला लिहून द्या.”

ते तयार नव्हते. मी उठलो नाही. शेवटी त्यांनी आतून कागद आणवला. काय लिहायचं ते मी सांगत गेलो आणि ते लिहीत गेले: डावीकडची भिंत सुपरवायझरच्या चुकीने बिघडली, उजवीकडची भिंत मिस्त्री आणि त्याच्या पत्नीने सूचनेप्रमाणे चोख केली, त्यांना कामावरून काढणं अन्यायाचं होतं. खाली त्यांनी सही केली. मग मी केली.

पुढच्या रविवारी मी तो कागद घेऊन पाड्यावर गेलो. मिस्त्रीने हातात घेतला, उलटसुलट बघितला आणि बायकोकडे दिला. तिने माझ्याकडे. दोघांनाही वाचता येत नव्हतं, हे इतकी वर्षं माझ्या लक्षात आलं नव्हतं. त्यांच्यासमोर डायरी उघडून दाखवली होती मी.

“मोठ्यानं वाच,” ती म्हणाली, आणि वाचायच्या आधी शेजारच्या घरांकडे तोंड करून हाका मारल्या. चार-पाच माणसं आली, दोन बायका कडेवर पोरं घेऊन. मी अंगणात उभा राहून वाचलं. माझं नाव आलं तिथे आवाज खाली गेला.

“तिथलं ऐकू नाय आलं,” ती म्हणाली. “परत वाच.”

मी पहिल्या ओळीपासून परत वाचलं.